सॅक पाठीवर, व्हिएतनाम वरून खाली: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून व्हिएतनामला जाऊन आलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत सापडतं. त्यातले बहुतेक जण टूरबरोबर जातात. 'हा लाँग' उपसागरातली क्रूझ, बा ना हिल्सचा दगडी दिसणाऱ्या हातांनी पेललेला पूल, थोडी खरेदी, परत. हा लेख त्यांच्यासाठी नाही. स्वतःची सॅक स्वतः उचलून, बस आणि रेल्वेने, हॉस्टेलच्या बंकवर झोपत तीन-चार आठवड्यांत समुद्र, डोंगर, बेटं आणि शहरं बघायची आहेत त्यांच्यासाठी आहे. हातात दोनच आठवडे असतील तरी जा, फक्त अर्धा देश सोडून द्यायची तयारी ठेवा.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना यात अंगमेहनतीचं नवीन काही नाही. घोटाळा होतो तो क्रमात. लोक आधी ऑफर बघून तिकीट काढतात, मग मार्ग आखतात, आणि पाऊस कुठे आहे ते तिथे पोचल्यावर कळतं. हे सगळं उलट्या क्रमाने करायला हवं.

१. आधी पाऊस बघा

देश उत्तर-दक्षिण सुमारे १,६५० किलोमीटर लांब आहे आणि त्यात एक नव्हे, तीन पावसाळे आहेत.

उत्तरेत, म्हणजे हनोई आणि वरच्या डोंगरांत, मे ते सप्टेंबर उकाडा आणि पाऊस. डिसेंबर ते फेब्रुवारीत तिथे चक्क थंडी असते. डोंगरात रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि हॉस्टेलमध्ये हीटर असेलच असं नाही. दक्षिणेत, साइगाव (हो चि मिन्ह सिटीचं जुनं, अजून रुळलेलं नाव) आणि मेकाँग नदीच्या पट्ट्यात, साधारण आपल्यासारखाच मे ते ऑक्टोबर पाऊस आणि डिसेंबर ते एप्रिल कोरडं. मधला किनारा मात्र वेगळ्याच तालावर चालतो. ह्वे, दा नांग, होइ आन इथे खरा पाऊस सप्टेंबरअखेर ते डिसेंबर पडतो आणि वादळंही त्याच सुमारास येतात.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी वरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. आपली सुट्टी आणि मध्य व्हिएतनामचा पूर हे बरोबर एकाच वेळी येतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर ह्वे आणि होइ आनच्या गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या. दिवाळीत जायचंच असेल तर मधला भाग वगळा आणि उत्तरेचे डोंगर करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'हा जियांग' या डोंगराळ भागातल्या पठारावर बकव्हीटची (कुट्टूची) गुलाबी फुलं असतात, हवा स्वच्छ असते.

पूर्ण देश एका दमात करायचा तर मार्च-एप्रिल सगळ्यात बरा. मेच्या सुट्टीत मधला किनारा उत्तम, पण ऊन रत्नागिरीसारखंच. जुलै ते सप्टेंबर उत्तरेत वादळांचा धोका असतो. सप्टेंबर २०२४ मधल्या यागी वादळाने हा लाँगपासून डोंगरांपर्यंत हाहाकार माजवला होता.

आणखी एक तारीख टाळायची ती तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीही येतं. २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात जातात तसा अख्खा देश तेव्हा गावी निघालेला असतो. बस-रेल्वे भरलेल्या, दुकानं बंद, सरकारी कचेऱ्याही बंद, म्हणजे व्हिसाही अडकतो. ३० एप्रिल-१ मे आणि २ सप्टेंबर याही मोठ्या सुट्ट्या आहेत. त्या दिवसांत समुद्रकिनाऱ्याची तिकिटं आधी काढून ठेवा.

२. मार्ग एकाच दिशेने

हनोईत उतरायचं आणि साइगावहून परतायचं, किंवा उलट. विमानाचं तिकीट शोधताना 'मल्टी सिटी' निवडा. जाऊन-येऊन एकाच शहराचं तिकीट हजार-दोन हजारांनी स्वस्त दिसतं, पण मग परत वर यायला एक दिवस आणि तेवढेच पैसे जातात.

उत्तरेकडून खाली येणारा सोयीचा क्रम असा: हनोई, हा जियांग, परत हनोई, कात बा बेट, निन्ह बिन्ह, फोंग न्हा, ह्वे, दा नांग-होइ आन, क्वी न्योन, दा लात, साइगाव आणि जमलं तर दक्षिणेतलं एक बेट. चार आठवड्यांत हे आरामात होतं. तीन आठवडे असतील तर क्वी न्योन आणि निन्ह बिन्ह गाळा. दोन आठवड्यांत हनोई ते होइ आन एवढंच करा आणि दा नांगहून विमानाने निघा. सा पा हे उत्तरेतलं प्रसिद्ध डोंगरगाव मी मुद्दाम घेतलेलं नाही. शेतं सुंदर आहेत, पण गावात आता हॉटेलांची इतकी गर्दी झाली आहे की हा जियांग केलं तर त्याची गरज उरत नाही.

पत्त्यांचा एक सापळा आहे. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने ६३ प्रांत एकत्र करून ३४ केले. त्यामुळे हा जियांग आता तुयेन क्वांग प्रांतात, होइ आन दा नांग शहरात आणि क्वी न्योन चक्क डोंगराळ ज्या लाय प्रांतात गेलं आहे. तिकिटांच्या अॅपवर कुठे जुनं नाव, कुठे नवं. प्रांताच्या नावावर जाऊ नका. गावाचं नाव आणि बसथांबा नकाशावर टाकून बघा, मगच पैसे भरा.

३. ई-व्हिसा

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि तो ऑनलाइन मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. मधे लाओस किंवा कंबोडियाला जाऊन परत येणार असाल तरच दुसरा घ्या.

- पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' असेल तीच साइट सरकारी. गूगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट खासगी एजंटांच्या असतात. त्यांची नावं आणि रंग हुबेहूब सरकारी दिसतात आणि फी दुप्पट-तिप्पट.
- नाव पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडे 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ते दोन्ही लिहा. विमानाच्या तिकिटावरही तेच.
- पासपोर्टच्या पानाचा फोटो चारही कोपरे दिसतील असा काढा, खालच्या दोन ओळींच्या यांत्रिक मजकुरासकट. लॅमिनेशनवर लाइटची चमक आली की अर्ज परत येतो. स्वतःचा फोटो चष्म्याशिवाय.
- आत येण्याचं आणि बाहेर पडण्याचं ठिकाण अर्जातच निवडायचं असतं.
- साइटवर तीन कामाचे दिवस लिहिलेले असतात. तुम्ही दोन आठवडे धरा.
- आलेल्या पीडीएफवर पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि नाव अक्षर न् अक्षर तपासा. चूक सापडली तर नवा अर्ज, नवी फी. विमानतळावर समजावून सांगता येईल या भरवशावर राहू नका, कारण तुम्हाला मुंबईतच चढू देणार नाहीत.

फू क्वोक बेटाला मात्र वेगळा नियम आहे. परदेशातून थेट तिथे उतरून फक्त तिथेच राहणाऱ्याला ३० दिवस व्हिसा लागत नाही. देशभर फिरणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं: किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, ई-व्हिसाच्या दोन छापील प्रती, परतीचं तिकीट, पहिल्या हॉस्टेलचं बुकिंग, प्रवास विमा, पासपोर्टच्या झेरॉक्स आणि दोन-चार फोटो. हॉस्टेलवाल्यांना पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, म्हणून ते पासपोर्ट मागतात. फोटो काढून लगेच परत द्यायला सांगा. काही ठिकाणी ड्रॉवरमध्ये ठेवून घेतात आणि पहाटेच्या बसच्या वेळी ड्रॉवरची किल्ली ज्याच्याकडे असते तो झोपलेला असतो.

सॅक ४० लिटरची पुरे. स्वस्त विमानांत केबिनमध्ये ७ किलोच चालतं आणि ते खरोखर वजन करतात. पोंचो, हेडटॉर्च, पटकन वाळणारे कपडे, एक जाड जाकीट, पायात जुने मळलेले बूट आणि एक जोड चप्पल. आपली दोन गोल पिनांची चार्जर-पिन तिथल्या बहुतेक सॉकेटमध्ये बसते. तीन पिनांची बसत नाही. शौचालयात जेट स्प्रे असतो, ही बातमी मी मुद्दाम देतो आहे. कपडे किलोवर धुऊन मिळतात, त्यामुळे चार जोडांच्या वर काही नेऊ नका. ई-सिगारेट नेऊ नका, २०२५ पासून तिथे बंदी आहे.

५. पैसे

एका रुपयाला साधारण तीनशे डोंग. हिशोब करायची युक्ती: शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला साडेतीनने गुणा. मेनूकार्डवर ५० के लिहिलं असेल तर पावणेदोनशे रुपये. थोडे जास्तच धरले जातात, ते बरंच.

सगळ्या नोटांवर हो चि मिन्ह. २० हजाराची आणि ५ लाखाची, दोन्ही निळ्या. अंधारात टॅक्सीवाल्याला द्यायच्या नेमक्या याच दोन नोटा अदलाबदल होतात आणि फरक दीड हजार रुपयांचा असतो. ५ लाखाच्या नोटा पाकिटात ठेवूच नका. वेगळ्या खिशात ठेवा आणि फक्त हॉस्टेलचं बिल देताना काढा.

थोडे अमेरिकन डॉलर न्या, शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा. विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदला, बाकी शहरात. कार्डावर परदेशी वापर बँकेच्या अॅपमधून निघण्याआधी चालू करा. एटीएम दर खेपेला फी घेतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. मशीनने 'आमच्या दराने रुपयांत वळवू का' असं विचारलं की नाही म्हणा. डोंगरात आणि छोट्या बेटांवर रोखच चालते.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर हॉस्टेलचा बंक दीड ते अडीच लाख डोंग, रस्त्यावरचं एक पोटभर जेवण ४० ते ७० हजार, रात्रीची लांबची बस तीन ते पाच लाख. जास्त पैसे जातात ते हा जियांग, बोटीच्या सहली आणि साइगाव-हनोईच्या कॅफेंमध्ये. कॅफेंचं काही करता येणार नाही.

६. फोन आणि शहर

सिम व्हिएतेलचं घ्या, डोंगरात त्याचीच रेंज असते. ग्रॅब हे टॅक्सी-बाइक बोलावायचं अॅप भारतातूनच डाउनलोड करून आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन ठेवा. विमानतळाबाहेर 'टॅक्सी, माय फ्रेंड' म्हणणाऱ्यांशी बोलायची वेळ येणार नाही. ग्रॅबची बाइक सगळ्यात स्वस्त, आणि सॅक पाठीवर घेऊन मागे बसता येतं.

हनोईत रस्ता ओलांडणं हा परदेशी पाहुण्यांचा मोठा विषय असतो. पुणेकरांना यात शिकवण्यासारखं काही नाही. एकाच गतीने चालत राहायचं, थबकायचं नाही, मागे फिरायचं तर मुळीच नाही.

साइगावला फूटपाथच्या कडेने फोन हातात धरून नकाशा बघू नका. मागून स्कूटरवाला येतो आणि फोन जातो. भिंतीकडे तोंड करून उभे राहा आणि मग बघा. तिथला युद्धावशेष संग्रहालयाचा अर्धा दिवस जड जातो, त्यानंतर दुसरं काही ठरवू नका. बेन थान्ह बाजारापासून डिसेंबर २०२४ मध्ये मेट्रोही सुरू झाली आहे.

आणि हो, व्हिएतनामी लोकांनी शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवलं, अमक्याच्या समाधीवर तसं कोरलेलं आहे, ही वॉट्सअपवरची गोष्ट तिथल्या गाइडला ऐकवू नका. तिला काही पुरावा नाही, आणि गाइडचे आजोबा त्या लढाईत होते असं निघालं की पुढचा रस्ता अवघड होतो.

७. बस आणि रेल्वे

स्लीपर बस आधी ऐकून ठेवलेली बरी. दारातच ड्रायव्हरचा साथीदार प्लास्टिकची पिशवी पुढे करतो. बूट काढून त्यात घालायचे, अनवाणी आत शिरायचं, बूट आपल्यासोबत. आत तीन रांगा, दोन मजले, मधे हातभर वाट. पाय समोरच्याच्या पाठीखालच्या खोक्यात घालायचे असतात. तुमची उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर गुडघे वर येतात. वरचा मजला घाटात डुलतो, म्हणून तिकीट काढतानाच खालची जागा मागा. पाकीट आणि पासपोर्ट पोटाशी. जास्त पैसे देऊन पडदेवाली 'केबिन' बस मिळते, लांबच्या रात्रीसाठी ती घ्याच.

सापळा पोचण्याच्या वेळेचा आहे. 'सकाळी ६' लिहिलेली बस पहाटे साडेतीनला पोचते आणि तुम्हाला हायवेवर उतरवते. हॉस्टेलला आधी कळवून ठेवा. बरेच जण पहाटे येणाऱ्याला लॉबीत आडवं पडू देतात.

रेल्वे हळू आहे पण छान. हनोई ते साइगाव १,७२६ किलोमीटर, तीस तासांहून जास्त. ते एका दमात करण्यात शहाणपण नाही. दोन टप्पे रेल्वेने करा. एक, हनोई ते दोंग होई रात्रीच्या गाडीने, चार बर्थच्या डब्यात. तिथून फोंग न्हा तासाभरावर. दुसरा, ह्वे ते दा नांग दिवसा. गाडी हाय वान घाटाच्या समुद्राकडच्या अंगाने जाते. खाली जाताना डाव्या खिडकीची जागा घ्या. तीनेक तासांचं तिकीट आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या देशातला सगळ्यात चांगला सौदा.

८. डोंगर: हा जियांग, आणि लायसन्सचा प्रश्न

इथे नीट थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

हा जियांग हनोईपासून साधारण ३०० किलोमीटर, बसने सहा-सात तास. तिथून क्वान बा, येन मिन्ह, दोंग वान, मेओ वाक, दू जिया करत परत येणारा सुमारे ३५० किलोमीटरचा फेरा, तीन किंवा चार दिवसांचा. चारच घ्या. तीन दिवसांत बघणं कमी आणि गाडीवर बसणंच जास्त होतं.

लोक विचारतात, 'बाइक भाड्याने घेऊन स्वतः चालवू का? माझ्याकडे आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट आहे.' ते परमिट तिथे चालत नाही. भारत देतो ते १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार. व्हिएतनाम मानतं ते १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलं. बाइक देणारा 'नो प्रॉब्लेम' म्हणेल, कारण त्याला खरंच प्रॉब्लेम नसतो. पोलिसांनी अडवलं तर दंड तुम्हाला, बाइक जप्त झाली तर भरपाई तुमच्याकडून. आणि पाय मोडला तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो वैध लायसन्सचा. २०२५ पासून तिथले वाहतूक दंड बरेच वाढले आहेत, आणि दारूच्या बाबतीत मर्यादा शून्य आहे. ५० सीसी आणि त्याखालच्या गाडीला लायसन्स लागत नाही, पण त्या गाडीने हे घाट चढायचे नसतात.

म्हणून 'ईझी रायडर' घ्या, म्हणजे स्थानिक चालक आणि तुम्ही मागे. किंवा जीप. पैसे जास्त लागतात, पण दरीकडे बघायला डोळे मोकळे राहतात. ठरवताना हे विचारा: एका गटात किती बाइक? पंधराच्या वर असतील तर दुसरा शोधा. हेल्मेट पूर्ण डोक्याचं आहे की टोपीसारखं? सीमाभागाच्या परवान्याचे पैसे धरलेत का? जेवण, मुक्काम, पेट्रोल? मोठी सॅक हॉस्टेलवर ठेवा, तीन-चार दिवसांचं सामान छोट्या पिशवीत. ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागे बांधतात.

दोंग वानचं चुनखडीचं पठार २०१० पासून युनेस्कोचं भूउद्यान आहे. माती इतकी कमी की तिथले हमाँग जमातीचे लोक दगडांच्या खाचांत मूठभर माती भरून मका लावतात. त्या खाचा रस्त्यावरून दिसतात. एकेका खाचेत मक्याचं एकच रोप. हा रस्ता १९५९ ते १९६५ मध्ये हाताने खोदला गेला, आणि मा पी लेंगचा कडा फोडायला माणसं दोरांवर लटकून काम करत होती. घाटमाथ्यावर उभं राहिलं की खाली न्हो क्वे नदीची हिरवी रेघ दिसते. माळशेज-वरंध्यात वाढलेल्या माणसालाही तिथे दोन मिनिटं बोलायला सुचत नाही. बोटीने नदीत फिरवतात, वेळ असेल तर करा. रविवारी दोंग वान आणि मेओ वाकचे आठवडी बाजार भरतात, फेऱ्याचे दिवस त्यानुसार लावा.

संध्याकाळी होमस्टेत सगळे एका मोठ्या टेबलाला बसतात आणि मक्याची दारू फिरते. तिला हसत हसत 'हॅपी वॉटर' म्हणतात. एक घोट घेऊन कप उलटा ठेवा. त्याहून महत्त्वाचं, तुमचा चालक किती पितोय त्यावर नजर ठेवा. सकाळी तो तारवटलेला दिसला तर गटप्रमुखाकडे दुसरा मागायला लाजू नका.

९. मधला पट्टा

फोंग न्हामध्ये जगातली सगळ्यात मोठी गुहा, सोन दोंग, आहे. ती आपल्या खिशातली नाही. एकाच कंपनीची मोहीम आणि तीन हजार डॉलर. पॅराडाइज गुहा मात्र नक्की बघा. ३१ किलोमीटरपैकी पहिला एक किलोमीटर फळ्यांच्या वाटेवरून चालता येतो. सकाळी लवकर जा, दहानंतर बसगाड्या येतात.

ह्वे ही १८०२ ते १९४५ न्गुयेन राजांची राजधानी. राजवाड्याला अर्धा दिवस, समाध्यांना अर्धा.

होइ आनबद्दल लोक इतकं लिहितात की मी थोडक्यात सांगतो. दिवसा तिथे गर्दीत गुदमरायला होतं. पहाटे सहाला जा किंवा सायकलने आन बांग किनाऱ्याला. शिंप्याकडे कपडे शिवायचे असतील तर पहिल्याच दिवशी माप द्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

'मी सन' मात्र चुकवू नका. होइ आनपासून ४० किलोमीटरवर डोंगरांच्या बेचक्यात चाम लोकांच्या जुन्या चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून बांधलेली शिवमंदिरं आहेत, पक्क्या विटांची. इथे पहिलं मंदिर बांधणाऱ्या राजाचं नाव भद्रवर्मन आणि देवाचं भद्रेश्वर. शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात सगळ्यात भव्य मनोरा गेला. अलीकडे भारतीय पुरातत्त्व खात्याने काही मंदिरांची डागडुजी केली, आणि त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं एकसंध दगडी शिवलिंग सापडलं. टूरच्या बस नऊला येतात. तुम्ही ग्रॅब किंवा गाडी ठरवून दार उघडायच्या वेळी पोचा. आधी दा नांगचं चाम संग्रहालय बघितलं तर रिकामे गाभारे डोळ्यांसमोर भरतात.

खाली दा लात १,५०० मीटरवर आहे. कॉफीचे मळे, पाइन, थंड सकाळ. उकाड्याने वैतागलात तर दोन दिवस तिथे काढा.

१०. बेटं

सगळी बेटं करू नका, हंगामानुसार एक निवडा.

*कात बा*: उत्तरेत, हनोईहून बस-फेरी-बस मिळून चारेक तास. हा लाँगचेच कडे, पण बाजूच्या लान हा उपसागरात, कमी गर्दीत, निम्म्या पैशात. कयाक असलेली दिवसभराची बोट घ्या. हा लाँग-कात बा मिळून २०२३ मध्ये जागतिक वारसा झालं.

*कू लाओ चाम*: होइ आनहून एका दिवसात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी लाटांमुळे बोटी बेभरवशाच्या. बेटावर प्लास्टिक पिशवी नेऊ देत नाहीत.

*फू क्वोक*: नोव्हेंबर ते एप्रिल. वाळू चांगली, पण दक्षिण टोक रिसॉर्टवाल्यांनी भरून टाकलं आहे. उत्तरेला राहा.

*कोन दाओ*: मार्च ते सप्टेंबर. फ्रेंचांनी १८६० च्या दशकात सुरू केलेला आणि १९७५ पर्यंत चाललेला तुरुंग इथे आहे. अंदमानचं सेल्युलर जेल बघून आलेल्या मराठी माणसाला इथल्या 'वाघाच्या पिंजऱ्यां'वरून, म्हणजे छताला गज असलेल्या कोठड्यांवरून, चालताना वेगळं काही समजावावं लागत नाही. बाहेर आलं की रिकामे किनारे. बेट महाग आहे आणि बोटी हवामानावर रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा.

११. शाकाहारी असाल तर

'तोइ आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. तेवढ्याने काम भागत नाही, कारण 'नुओक माम', म्हणजे माशाचा सॉस, भाजीतही असतो. दुकानावर 'चाय' हा शब्द शोधा. बौद्धांची ही पूर्ण शाकाहारी खाणावळ असते. ताटभर भात, टोफू, मशरूम आणि तीन-चार भाज्या, स्वस्त. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी जास्त पर्याय मिळतात. डोंगरातल्या होमस्टेत टोमॅटोतला टोफू हमखास.

मांसाहारी असूनही काही वर्ज्य असेल तर हे शब्द पाठ करा: 'बो' गोमांस, 'हेओ' किंवा उत्तरेत 'लोन' डुकराचं, 'गा' कोंबडी. फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, मागितलं की न विचारता बो येतं. 'फो गा' म्हणा. उत्तरेत 'थित चो' लिहिलेल्या पाटीखाली जाऊ नका, ते कुत्र्याचं असतं. नळाचं पाणी पिऊ नका. बर्फाच्या कॉफीतला नळकांडीसारखा भोकवाला बर्फ कारखान्याचा असतो, तो चालतो.

१२. निघताना

व्हिसावरची शेवटची तारीख आणि विमानाची वेळ जुळवून बघा. भारताची विमानं रात्री उशिरा सुटतात आणि मध्यरात्रीनंतरचं विमान म्हणजे दुसरी तारीख. एक दिवस जास्त झाला तरी दंड होतो. उरलेले डोंग तिथेच बदला किंवा खर्च करा, आपल्याकडे त्यांना कुणी विचारत नाही. कॉफी पावडर आणि ती पत्र्याची गाळणी घ्या. माशाच्या सॉसची बाटली केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. चेकआउट दुपारी आणि विमान रात्री असेल तर हॉस्टेलवाले सॅक ठेवून घेतात आणि निघण्याआधी आंघोळही करू देतात. न विचारता कुणी सांगत नाही, तेव्हा विचारा.